नाडीच्या घड्याळाची आखणी

आमच्या सुदेशने इंटरनेटवर आंबोळीचा फोटो टाकला आणि माझ्या मनगटावर संकट आलं.

सुदेश माझ्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर त्याने घराचा पुढचा भाग पाहुण्यांना द्यायला काढला आणि फाटकावर ‘सी टच’ अशी पाटी लावली. समुद्राला हात लावायचा तर शेजाऱ्याच्या माडांतून आणि शेजाऱ्याच्या कुत्र्यापुढून दहा मिनिटं चालावं लागतं, पण तेवढं पाटीवर मावत नाही. फोटोला त्याला नेहमी एक आजी लागते. मी लग्न केलं नाही, मला नातवंडं नाहीत, तरी फोटोखाली ‘आजीच्या हातची आंबोळी’ असं लिहिलेलं असतं. फोटोत चेहरा नसतो. ताट असतं आणि माझा हात असतो.

सगळ्या जगाला आंबोळी दिसली. पुण्यातल्या एका माणसाला मनगट दिसलं.

त्याचं नाव समर्थ. आठवडाभर कॉम्प्युटरवर काम करायचं आणि सुट्टीत मेलेल्या माणसांची घड्याळं शोधत फिरायचं, हा त्याचा छंद. फोटो मोठा करून करून त्याने माझं घड्याळ ओळखलं आणि सुदेशला फोन केला. फोन संपल्यावर सुदेश मागच्या पडवीत आला तो धापा टाकतच.

“आत्ये, ह्यां घड्याळ काय आसा तुका म्हायत आसा?”

“नाडीचां आसा,” मी म्हटलं.

“सहा लाखांचां आसा!”

आता त्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. मी एकोणसत्तर साली, एकविसाव्या वर्षी, डॉ. वालावलकरांच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले. मालवणच्या उत्तरेला तेव्हा तो एकच दवाखाना होता. डॉक्टर आधी चार वर्षं बोटीवर नोकरीला होते आणि कुठल्याशा बंदरात त्यांनी हे घड्याळ घेतलं होतं. कधी एडन म्हणत, कधी जिनोआ. स्विस कंपनीने खास डॉक्टरांसाठी थोडीच बनवलेली घड्याळं, त्यातलं हे एक. स्टीलचं, दोन बटणांचं. तबकडीच्या कडेने लाल बारीक आकडे, दोनशेपासून तीसपर्यंत. नाडी बोटाला लागली की वरचं बटण दाबायचं, तीस ठोके मोजायचे, पुन्हा दाबायचं. काटा ज्या आकड्यावर थांबेल तेवढी मिनिटाची नाडी. गुणाकार नाही की भागाकार नाही.

डॉक्टर ते स्वतःच्या हातात ठेवत नसत. “माझ्या हातात सुई असते, तुझ्या हातात घड्याळ असू दे,” म्हणत. होडीने खाडी ओलांडून आम्ही पलीकडच्या वाड्यांवर जात असू. ते जीभ आणि पोट बघत, मी नाडी सांगत असे. ताप एकशे चार आणि नाडी फक्त पंच्याऐंशी असली की ते माझ्याकडे बघत आणि मी टायफॉइडच्या तपासणीची बाटली काढत असे. एवढं बोलणं पुरे व्हायचं. त्र्याण्णव साली मुलीकडे मुंबईला जाताना त्यांनी दवाखान्याचं कुलूप मालकाला दिलं, टेबल शाळेला दिलं आणि मला म्हणाले, “सुगंधा, मला आता कुणाची नाडी बघायची नाही. तुला बघायची आहे.” घड्याळ माझ्या हातातच होतं. त्यांनी मागितलं नाही, एवढंच त्यांचं देणं.

तेव्हापासून दर मंगळवारी वाडीतल्या म्हाताऱ्या माझ्या पडवीत येतात. मी औषध देत नाही. नाडी सांगते, आणि बरी नसली तर सरकारी दवाखान्यात पाठवते. तिथे बोटाला लावायचा चिमटा आहे, तो माझ्याहून लवकर सांगतो. पण काशीबाईला तो पटत नाही. काशीबाई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, दोनशे पावलांवर राहते.

“चिमट्याक काय समाजता गो?” ती म्हणते. “तो कपडे वाळत घालूक.”

खरं तेच सांगते. घड्याळ हातात आहे तोवर मी सुगंधाबाई आहे. ते गेलं की मी सुदेशची आत्ये, जी मागच्या खोलीत राहते आणि फोटोपुरती पुढे येते.

सुदेशने मात्र सहा लाखांचा हिशेब फोन ठेवायच्या आधीच संपवला होता. माडांच्या डोक्यावरून समुद्र दिसेल एवढा उंच लाकडी डेक बांधायचा. त्याची बायको दीपिका मनाने चांगली आहे. ती म्हणाली, “आत्यांनू, मी तुमका भिंतीवरचां मोठां घड्याळ घेतंय. आकडे लांबसून दिसतत.”

मी म्हटलं, “बघूया.”

तिथे माझं चुकलं. आमच्या घरात म्हाताऱ्या माणसाच्या ‘बघूया’चा अर्थ होकार असाच घेतात. आणि भावाच्या घरात पन्नास वर्षं राहून ‘नाही’ म्हणायची मला सवयच राहिली नव्हती.

दोन दिवसांत वाडीत घड्याळाचे जाणकार उगवले. रिक्षावाला मला तबकडीचा व्यास सांगू लागला. पलीकडच्या होम स्टेवाल्याने आजोबांचं गजराचं घड्याळ काढून पाहुण्यांच्या न्याहारीच्या टेबलावर मांडलं. एका गृहस्थाने तर येऊन आठवण करून दिली की त्याच्या वडिलांची नाडी ह्याच घड्याळावर बघितली होती, आणि त्या नात्याने त्याचाही काही हक्क पोचतो.

समर्थ पुढच्या शनिवारी येणार होता. त्यानंतर नऊ दिवसांनी चतुर्थी होती.

चतुर्थीआधी आमच्याकडे काय चालतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. घराला रंग, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी माटवीला रंग, बाकाला, रहाटाला, दिसेल त्याला रंग. घरात कुणी मोठं यायचं तर सगळं नवं दिसलं पाहिजे, मग ते देव असोत की पुण्याचे पाहुणे. त्या उत्साहात सुदेशची नजर माझ्या घड्याळावर गेली. तबकडी पिवळी पडली होती, कडेला भाजलेल्या काजूच्या सालीसारखी तांबूस. लाल आकड्यांचा रंग विटला होता.

“पट्टो बदलून आणतंय,” असं म्हणून शुक्रवारी त्याने ते नेलं. सोमवारी परत आणलं.

पट्टा जुनाच होता. तबकडी नवी होती.

बाजारातल्या घड्याळवाल्या दत्तप्रसादकडून त्याने ते उघडून घेतलं होतं आणि तबकडी नेली होती थेट दाजीच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात. दाजी आमचा मूर्तिकार. माती मळायला, रंग फवारायला त्याच्याकडे माणसं आहेत. पण शेवटची डोळ्यांची आखणी तो एकटा करतो, तीन केसांच्या कुंचल्याने, श्वास रोखून. त्याच्या हाताची रेघ बघायला कणकवलीहून लोक येतात. आमच्या भागात बारीक काम म्हटलं की दाजी, तेव्हा सुदेशने दुसरीकडे कशाला जावं?

दाजीने काम चोख केलं होतं. पांढरा रंग शंखासारखा, आकडे कुंकवासारखे लाल, आणि गणपतीच्या पितांबराला घालतो तशी सोनेरी कडा सगळ्या तबकडीला, आपल्या मनाने. स्टीलला दीपिकाने चिंच लावून घासलं होतं. सुंदर दिसत होतं, हे नाकबूल करणार नाही. ओळखीची बाई लग्नाला जाताना पावडर लावून समोर उभी राहावी आणि आपण तिला ‘कोण गो तू?’ विचारावं, तसं मला झालं.

“आता कसां दिसता?” सुदेश म्हणाला.

“चलता मगे?”

“चलता म्हणजे! दत्तप्रसादान तेल घातल्यान.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार. काशीबाई आली, हात पुढे केला आणि सुनेची तक्रार सुरू केली. मी बटण दाबलं, तीस ठोके मोजले, पुन्हा दाबलं. काटा एकशे पंचेचाळीसवर.

पुन्हा मोजले. एकशे पंचेचाळीस.

“किती गो?” काशीबाईने विचारलं. मी काट्याकडेच बघत होते. मग तिने स्वतःच वाकून बघितलं. आकडे तिला वाचता येतात, आणि दाजीने ते असे ठळक काढले होते की आंधळ्यालाही दिसावेत.

“शिरा पडली! एकशे पंचेचाळीस!” तिने छाती धरली. “म्हणान माका काल जिन्यार धाप लागली.”

“तुझ्या घराक जिनो खंय आसा?”

“लागली असती.”

मी भिंतीवरच्या घड्याळावर मिनिटभर मोजून तिला सांगितलं, सत्तर आहे, झकास आहे. तिने ऐकलं नाही. “भिंतीवरचां घड्याळ डॉक्टरांचां नाय,” म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत घरी जाऊन निजली.

मग मी दीपिकाची नाडी बघितली. एकशे पंचावन्न. सुदेशची एकशे पन्नास. माझी स्वतःची एकशे तीस. घड्याळाप्रमाणे आमचं सगळं घर उभ्या उभ्या धावत होतं.

भिंग घेऊन बसले तेव्हा कळलं. मूळच्या तबकडीत एका बाजूला आकड्यांची दाटी होती, दोनशे, एकशे नव्वद, एकशे ऐंशी एकमेकांना खेटून. खाली साठानंतर मोकळं रान. दाजीच्या डोळ्यांना ते बघवलं नसणार. त्याने सगळे आकडे एकसारख्या अंतरावर बसवले होते, माळेतल्या मण्यांसारखे.

“सुदेश, आकडे हलवले ह्यानी.”

“एकपण कमी नाय आत्ये. मोज.”

“आकडे आसत रे. तेंची जागा खंय आसा?”

“तो माणूस घेवन कपाटात ठेवतलो,” सुदेश समजावणीच्या सुरात म्हणाला. “तो खंय कोणाची नाडी बघतलो?”

मी भिंग खाली ठेवलं. ज्याला नाडी बघायची नाही त्याला सहा लाखांना, आणि जिला बघायची आहे तिच्याकडून फुकट.

शनिवारी समर्थ आला. पस्तिशीचा, नीट दाढी राखलेला, बोलायला मऊ मुलगा. त्याने सोलकढी नको म्हटलं, सांडेल म्हणून. पिशवीतून काळं मखमली कापड काढलं, पांढरे हातमोजे घातले, डोळ्याला भिंग लावलं. सुदेशने घड्याळ पितळी ताटात जास्वंदीच्या फुलासकट आणलं. समर्थने ते उचललं आणि भिंगाखाली दोनदा फिरवलं.

“हे कुणी केलं?”

“आमचे दाजी,” सुदेश पाहुण्यांशी बोलतो त्या मराठीत म्हणाला. “फार मोठे कलाकार आहेत. वर्षभर आधी सांगावं लागतं.”

“आणि मूळचा रंग?”

“पूर्ण खरवडून काढला. पाच मिनिटांत निघाला. जुना होता ना.”

समर्थ खाली बसला. दीपिका पाणी आणायला धावली. त्याचा चेहरा बघून मी सवयीने त्याचं मनगट धरलं, घड्याळ हातात घेतलं आणि मोजलं.

“ह्या घड्याळाप्रमाणे तुमची नाडी एकशे पंच्याहत्तर,” मी सांगितलं. “भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे एकशे दहा. पाणी प्या. डोकं खाली करा.”

पाणी पिऊन त्याने आम्हांला समजावलं. तो पिवळेपणा हीच तर किंमत होती. साठ वर्षांचं ऊन, घाम आणि खारी हवा यांनी मिळून ती तबकडी केली होती, तसा रंग कुणाला मुद्दाम करता येत नाही. जगात लोक त्या डागांसाठी एकमेकांच्या अंगावर धावतात, म्हणाला. आयुष्यभर मी नर्स म्हणून डाग काढत आले, आणि कुणी मला हे सांगितलं नव्हतं.

सुदेशने विचार केला. “मग परत पिवळं करून घेऊया? दाजी चहाच्या पाण्याने—”

“नको,” समर्थ घाईने म्हणाला. मग माझ्या हातातल्या घड्याळाला कान लावून, “आतलं यंत्र मात्र उत्तम आहे. माझ्याकडे ह्याचंच दुसरं घड्याळ आहे, त्याचं यंत्र गंजलंय. सुट्या भागांसाठी मी हे घेऊ शकतो.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं काही उपयोगाचं नाही.”

त्याने आकडा सांगितला. डेक होण्यासारखा नव्हता, डेकचा जिना झाला असता. सुदेशच्या तोंडावर मी सगळं बघितलं. आधी डेक कोसळला, मग नुसता जिना उभा राहिला, मग त्या जिन्यावरूनही थोडाफार समुद्र दिसेल अशी आशा आली.

“चालेल,” तो म्हणाला आणि माझ्याकडे हात केला. “आत्ये, दी.”

मी घड्याळ मनगटावर बांधलं. पट्ट्याचं चौथं भोक माझ्या हाताने मोठं झालंय, ते सापडायला वेळ लागत नाही.

“नाय,” मी म्हटलं.

दीपिका ताट घेऊन दारात थांबली.

“ह्यां घड्याळ माझां आसा. डॉक्टरांनी तुका दिल्यानी नाय, घराक दिल्यानी नाय. माका दिल्यानी.”

“तसां नाय गो आत्ये,” सुदेश आवाज उतरवून म्हणाला. “पण आता तां नाडीक पण उपयोगाचां नाय. ठेवन काय करतलंस?”

“उपयोगाचां करतंय.”

बोलून गेले खरी. मग खोलीत जाऊन जुन्या कॅलेंडरचं पान पालथं केलं आणि गणित मांडलं. तीस ठोके आणि साठ सेकंद, म्हणजे अठराशे. अठराशेला नाडीच्या आकड्याने भागलं की काट्याने किती सेकंद चालायचं ते मिळतं. एकशे ऐंशीला दहा. नव्वदला वीस. साठाला तीस. अठरा आकड्यांचे अठरा भागाकार. चोपन्न वर्षं घड्याळाने मला भागाकारातून सोडवलं होतं. एक दिवस मी त्याच्यासाठी केले.

कागद घेऊन मी रिक्षाने आधी दत्तप्रसादला उचललं, मग दाजीच्या शाळेत गेले. समर्थला मालवण स्टँडवर सोडायचं होतं, पण तो रिक्षातून उतरलाच नाही. “मी नुसता बघतो,” म्हणाला.

दाजी सव्वाशे गणपतींमध्ये बसला होता. निम्म्यांचे डोळे व्हायचे होते.

“दाजी, आकडे चुकले.”

“माझे?” दाजीने कुंचला ठेवला. “गो सुगंधा, आधी हय गर्दी आणि थंय मोकळां रान. कोणा येड्यान काढल्यान कोण जाणा. मी तां सारख्यां केलंय. गणपतीचो एक डोळो हय आणि दुसरो कानाकडे काढलंय तर चलात?”

“नाडी गणपतीचो डोळो नाय. हात दी.”

मी त्याचीच दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली. “धावणाऱ्याची नाडी एकशे ऐंशी काय आणि एकशे नव्वद काय, तीस ठोक्यांक अर्ध्या सेकंदाचो फरक. निजलेल्याची चाळीस काय आणि पन्नास काय, नव सेकंदांचो. म्हणान थंय गर्दी आणि हय रान.”

दाजी बोटं तशीच ठेवून बराच वेळ ठोके ऐकत बसला. सत्तरी उलटलेल्या माणसाने स्वतःची नाडी पहिल्यांदाच मन लावून ऐकली असावी.

“म्हणजे ज्याका घाई, तेका जागा कमी,” तो शेवटी म्हणाला. “असां आधी सांगूक व्हया होतां. ह्या सुदेशान माका सांगल्यान, आकडे पुसट झाले, बरे करा.”

दत्तप्रसादने तबकडी काढून दिली. मी सेकंद वाचत गेले, दाजी ठिपके देत गेला, मग आकडे. प्रत्येक आकड्याला श्वास रोखायचा. समर्थ मोबाइलवर चित्रण करत होता आणि कुजबुजत होता की हे असं करायचं नसतं, हे असं कुणीच कधी करत नाही. पण त्याने मोबाइल खाली ठेवला नाही. सोनेरी कडा काढ, असं मी सांगितलं. दाजी म्हणाला, “ती ऱ्हवतली.” ती राहिली.

सोमवारी समर्थचा फोन आला. त्याच्या घड्याळवाल्या मित्रांनी ते चित्रण बघितलं होतं. आता त्यांचं म्हणणं असं पडलं की मूळची तबकडी असलेली घड्याळं जगात पाच-पन्नास तरी असतील, गणपतीच्या मूर्तिकाराने आखलेलं एकच आहे. किती द्यायचे याचा विचार चालू होता. सुदेश फोन घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पुन्हा डेक होता.

“नाय,” मी म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला सोपं जातं.

मंगळवारी काशीबाई रिक्षातून आली. दोनशे पावलं. सून रसिका तिला धरून होती. आठवडाभर ती अंथरुणात होती. चहा जागेवर, पेज जागेवर. मुंबईचा मुलगा रोज फोन करत होता आणि चतुर्थीला दोन दिवस आधीच यायला निघाला होता.

मी बटण दाबलं. तीस ठोके. बटण दाबलं. काटा सत्तरच्या किंचित अलीकडे थांबला. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं, तिथेही तेच.

“बाहत्तर,” मी म्हटलं. “तरण्या चेडवाची नाडी आसा तुझी.”

काशीबाईचा चेहरा पडला. तिने रसिका कुठे आहे ते बघितलं आणि माझ्या कानाशी आली.

“कोणाक सांगू नको गो. चतुर्थी होवंदे.”

अंगणातून रसिकाने विचारलं, “बाई, किती इली?”

चोपन्न वर्षांत मी नाडी खोटी सांगितलेली नाही, आणि त्या आठवड्यात तर ते मला परवडणारं नव्हतं.

“बाहत्तर!” मी मोठ्याने सांगितलं.

काशीबाईने हात झटकून मागे घेतला. “तुझां घड्याळ बिघाडलां,” म्हणाली, आणि दुसरा हात पुढे केला. “ह्या हाताची बघ.”